दुपारची बॅच

४ ऑगस्ट

धाकटीस,

हे पत्र म्हणजे सराव आहे. ताईला पाझर फुटला अशी समजूत करून घेऊ नकोस.

मी पुन्हा कॉलेजात नाव घातलं आहे. वनस्पतिशास्त्र, एम.एस्सी., पहिलं वर्ष. बी.एस्सी.नंतर जे राहून गेलं होतं तेच. हसून झालं असेल तर पुढे वाच.

लेखी परीक्षेला मी लेखनिक घेणार आहे. मी सांगायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. वाटतं तेवढं हे सोपं नाही. मी आयुष्यभर वर्गात मुलांना मजकूर सांगत आले, पण तिथे लिहिण्यातल्या चुका त्यांच्या असत. इथे चूक कुणाचीही असो, मार्क माझे जाणार.

लेखनिक आपल्याहून कमी शिकलेला हवा आणि त्या विषयातला नको, असा नियम आहे. वरच्या मजल्यावरच्या टायपिस्टबाई दोन्ही अटींत बसतात. त्या कोर्टात होत्या. साक्षीदार बोलेल ते उतरवून घ्यायचं, हे त्यांचं काम. आता निवृत्त आहेत आणि कंटाळलेल्या आहेत. रोज संध्याकाळी थोडा वेळ सराव करायचं ठरलं. सुरुवातीला मी त्यांना पानाची अंतर्रचना सांगितली, तर त्यांना टेबलावरच डुलकी लागली. वर म्हणाल्या, "मॅडम, ह्यात कुणी कुणाचं काही केलेलंच नाही. पत्र सांगा. पत्रात माणसं असतात."

आता पत्र कुणाला सांगणार? बाकी सगळ्यांशी मी फोनवर बोलते. जिच्याशी बोलत नाही अशी तूच एक आहेस. तेव्हा पत्र तुला.

अक्षर अर्थातच टायपिस्टबाईंचं. बरं आहे, पण वेलांट्या फार लांब काढतात, ओळीत दुसऱ्या शब्दाला जागा ठेवत नाहीत. हे लिहू नका. अहो, हे मी माझ्याशी बोलले. लिहिलंत? खोडा ते.

(खोडता येत नाही. एकदा बोललात की रेकॉर्डवर आलं. — टायपिस्ट)

हे असं आहे. शिस्त दोघींनाही आहे, फक्त वेगवेगळी.

तब्येत उत्तम.

तुझी थोरली बहीण


१८ ऑगस्ट

धाकटीस,

तुझं उत्तर आलं नाही. सरावाला उत्तर लागतही नाही.

कॉलेजचं सांगते. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तर सगळा वर्ग उभा राहिला. मी "बसा" म्हणाले. बसले. मग मी मागच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. तेव्हापासून मला "मोठ्या मॅडम" म्हणतात. मी सांगून पाहिलं की मी इथे मॅडम नाही. "बरं मॅडम," म्हणाले.

प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट फक्त प्राध्यापकांसाठी आहे. लिफ्टमनला मी प्राध्यापक वाटते आणि मी त्याचा गैरसमज दूर केलेला नाही. खोटं बोलणं वेगळं, गप्प राहणं वेगळं.

अडचण एकच आहे. प्रॅक्टिकल सोमवारी सकाळी आठला असतं. शनिवारी मी आठवड्याची गोळी घेते. रविवार मळमळीत आणि डोकं जड होण्यात जातो. सोमवारी उजाडायच्या आत उठून हात गरम पाण्यात धरून बसते, तरी आठला मूठ वळत नाही. सकाळी माझे हात माझे नसतात. कुणाचे तरी मागून आणल्यासारखे असतात, आणि देणाऱ्याने ते तुटू नयेत म्हणून बजावून दिल्यासारखे. दुपारपर्यंत हळूहळू माझे होतात.

कॉलेजात हे कुणाला ठाऊक नाही. लेखनिकाच्या अर्जात मी "उजव्या हाताला दुखापत" एवढंच लिहिलं. बाई जिन्यात पडल्या असतील, असं त्यांना वाटत असेल. वाटू दे.

का सांगितलं नाही, हे निदान तुला समजावून सांगावं लागू नये. माझ्या आजाराचं नाव कळलं आणि आठच दिवसांत तू माझ्या शाळेत जाऊन सेक्रेटरींच्या समोर बसलीस. मला न विचारता. "ताईला आता झेपत नाही, जरा हलकं काम द्या." चांगल्या मनाने केलंस, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यांनीही चांगल्या मनानेच नववीचे माझे वर्ग काढून घेतले आणि मला नकाशांच्या खोलीत बसवलं. भूगोलाचे शिक्षक यायचे, नकाशा न्यायचे, आणून ठेवायचे. "बसा बसा मॅडम, उठू नका." वर्षभर मला कुणी उठूच दिलं नाही. मग मी उठले ती कायमचीच.

आणि त्यानंतर तुझ्याशी बोलले नाही. आता हे लिहून झालंच आहे तर असू दे.

घरी बसल्यावर एकदा मोरीच्या पाइपामागे, भिंतीच्या फटीत, नेचाचं रोप दिसलं. वीतभर. मी तीस वर्षं फळ्यावर नेचा काढत आले. डोळे मिटून काढेन. पण हा कोणता, ते मला सांगता येईना. पुस्तकं काढली, तरी सांगता येईना. लाज वाटली आणि त्याहून जास्त राग आला. कॉलेजात जाण्याचं कारण एवढंच. मन रमवायला वगैरे मी गेलेली नाही.

थोरली


९ सप्टेंबर

धाकटीस,

तुझं कार्ड मिळालं. पूर्ण मजकूर असा: "ताई, टायपिस्टबाईंना नमस्कार. त्यांच्या वेलांट्या मला आवडल्या. हात कसे आहेत?"

इतक्या वर्षांनी तीन वाक्यं, आणि त्यांतली दोन टायपिस्टबाईंना. त्या दिवसभर हवेत होत्या. आता वेलांट्या आणखी लांब झाल्यात, दिसतंच आहे.

तिसऱ्या वाक्याचं उत्तर. उजव्या हाताची मधली दोन बोटं बाहेरच्या बाजूला झुकू लागली आहेत. डावा बरा आहे. मनगटं हवेवर अवलंबून. गोळी लागू पडते आहे असं डॉक्टर म्हणतात, म्हणजे जे गेलं ते परत येणार नाही, पण जे आहे ते सावकाश जाईल. हे वाक्य मी स्वतः तयार केलं आहे, डॉक्टर इतकं सरळ बोलत नाहीत. दुखतं का, असं तू विचारलं नाहीस, बरं केलंस.

आता काम काय असतं ते सांगते, म्हणजे तुला अंदाज येईल. गाजराच्या तुकड्याला चीर पाडायची, त्यात कोवळं खोड उभं धरायचं आणि नवं ब्लेड आपल्याकडे ओढत पातळ चकती काढायची. आडवा छेद. इतका पातळ की पाण्यात टाकला तर दिसेनासा व्हावा. मग तो रंगात बुडवायचा, काचपट्टीवर घ्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचा. पातळ असेल तर आतल्या पेशी विटांच्या भिंतीसारख्या स्वच्छ दिसतात. जाड असेल तर काळोख.

माझा काळोख असतो. विभागप्रमुख वाकून बघतात आणि म्हणतात, "मॅडम, ह्यातून प्रकाश जात नाहीये." ते माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचे आहेत. ते मला मॅडम म्हणतात, मी त्यांना सर म्हणते, आणि दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. गेल्या सोमवारी म्हणाले, "इतकी वर्षं शिकवलंत, छेद घ्यायची सवय असेल ना?" मी म्हटलं, "होती." ते पुढे गेले.

सत्राच्या शेवटी प्रॅक्टिकलमध्ये पास व्हावंच लागतं. लेखीत कितीही मार्क मिळाले तरी प्रॅक्टिकल गेलं की वर्ष गेलं. आणि पुढल्या वर्षी हात ह्या वर्षीच्याहून बरे नसणार. म्हणून मला हे आत्ताच हवं आहे. तुला सांगायचं कारण नव्हतं, पण टायपिस्टबाई पेन धरून बसल्यात.

(मॅडम उजवी मूठ वळते का बघत होत्या. — टायपिस्ट)

तेही लिहिलंत?

ताई


६ ऑक्टोबर

धाकटे,

घोटाळा झाला आहे.

कॉलेजची सत्राच्या मधली लेखी परीक्षा झाली. पत्रांत जे चालतं ते परीक्षेत चालणार नाही, उत्तर तेवढंच लिहायचं, हे मी टायपिस्टबाईंना दहादा बजावलं होतं. त्यांनी दहादा मान डोलावली होती. पण त्या हॉलमध्ये पर्यवेक्षक उंच खुर्चीवर बसलेले. घंटा झाली. सगळे एकदम गप्प. कुणी खोकलं तरी ऐकू जावं अशी शांतता. टायपिस्टबाईंचा हात आपला आपण कोर्टात गेला. पस्तीस वर्षांची सवय, ती काय माझं ऐकणार?

आठवड्याने विभागप्रमुखांनी बोलावलं. माझी उत्तरपत्रिका समोर. म्हणाले, "मॅडम, मी वाचू का थोडं?" आणि वाचलं:

"प्रश्न दुसरा. उत्तर. नेचाच्या पानाच्या मागच्या बाजूला बीजाणूंचे पुंजके असतात. थांबा. आधी तो पंखा बंद करायला सांगा, वारा लागला की मनगट ठणकतं. लिहिताय काय, सांगा त्यांना. (पंखा बंद करण्यात आला.) बीजाणू ओल्या जागी पडून रुजतात व त्यांपासून हृदयाच्या आकाराची, आई गं. काही नाही, खांदा धरला. आखडतो सकाळी. जाईल तासाभरात, रोजचंच आहे. हृदयाच्या आकाराची हिरवी चकती तयार होते."

मी जमिनीकडे बघत होते. ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. पान उलटून म्हणाले, "उत्तर बरोबर आहे. पंख्यासकट." मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही पडला नव्हतात."

"पडले असं मी कुठे म्हटलं?"

"रोजचंच आहे, असं लिहिलंय इथे."

"लिहिलं नाही, बोलले मी."

"इथे लिहिलंय."

अशा माणसाशी काय वाद घालणार? त्यांनी नीट सांगितलं. कॉलेजच्या परीक्षेत "दुखापत" चालून गेली, विद्यापीठाच्या परीक्षेत चालणार नाही. डॉक्टरांचं पत्र हवं, आजाराच्या नावासकट. नाहीतर लेखनिक नाही. अर्ज ह्याच महिन्यात जायला हवा. "आणि प्रॅक्टिकलचंही मग त्यात बघता येईल," म्हणाले. मी विचार करते म्हणून उठले.

विचार कसला? नकाशांची खोली डोळ्यांसमोर होती. आजाराचं नाव एकदा कागदावर आलं की माणूस त्या नावामागे जातो. मग मी पुढे झाले की "तुम्ही बसा मॅडम, आम्ही करतो." पोरं चांगली आहेत, नक्की म्हणतील. माझा छेद कुणीतरी कापून देईल, मी त्याच्याकडे बघेन आणि मान डोलावेन. त्यापेक्षा नापास होणं बरं, असं मला घरी येईपर्यंत वाटत होतं.

टायपिस्टबाई ह्या प्रकरणानंतर खाली आल्याच नाहीत. शेवटी मी वर गेले. दार उघडून म्हणाल्या, "दुसरा लेखनिक बघा. माझ्या हातून आता वेगळं लिहिलं जायचं नाही." मी म्हटलं, "तुमच्या हातून खोटं लिहिलं जात नाही एवढंच झालंय. चला खाली, पत्र सांगायचंय." एका अर्थाने हा माफीनामा होता. पण त्यांच्याकडून की माझ्याकडून, ते दोघींनीही ठरवलं नाही.

नाव अजून दिलेलं नाही. महिना संपायला वेळ आहे.

ताई


२४ ऑक्टोबर

धाकटे,

तुझं पत्र वाचलं. ह्या वेळी सबंध पान. आणि शेवटी, "ताई, मी कॉलेजात फोन करून बोलू का?"

खबरदार.

मी पत्र आपटलं टेबलावर. टायपिस्टबाईंना म्हटलं, "बघा, सवय जात नाही." त्यांनी पत्र उचललं, चष्मा लावला, परत वाचलं आणि म्हणाल्या, "विचारलंय ह्यात."

"काय?"

"'बोलू का' लिहिलंय. 'बोलले' नाही लिहिलेलं. दोन्हींत फरक असतो. माणसं सुटतात त्या फरकाने."

मी रात्री जेवताना ते पुन्हा वाचलं. विचारलं आहेस खरं. हे माझ्या लक्षात आलं आहे, इतकंच सांगते.

पण त्याचा उपयोग वेगळाच झाला. मी "नको" म्हणून कळवलं असतं, तरी ते पत्र तुझ्यापर्यंत पोहोचायला वेळ गेला असता, आणि तू मध्येच फोन उचलला असतास तर? तुझा काय नेम? तेव्हा दुसऱ्याच दिवशी दुपारी मी विभागप्रमुखांच्या खोलीत होते. तू बोलायच्या आत मला बोलायचं होतं.

ते खुर्ची पुढे करत होते. मी उभीच राहिले. म्हटलं, "सर, मला आमवात आहे. म्हातारपणी गुडघे दुखतात तो नव्हे. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं तो. बरा होत नाही. आठवड्याला गोळी असते आणि मधूनमधून वाईट दिवस असतात. हे डॉक्टरांचं पत्र." एका दमात. वर्गात पाढे म्हणावेत तसं.

पुढचं मला पाठ होतं. आता चेहरा पडेल, आवाज मऊ होईल, "अरे बापरे" येईल, मग "काळजी घ्या", मग "कशाला दगदग करता ह्या वयात". मी तयारीत होते.

ते पत्र वाचत म्हणाले, "हात किती वाजता चालू होतात?"

"म्हणजे?"

"सकाळी चालत नाहीत, हे उत्तरपत्रिकेत आलंय. मग चालू कधी होतात?"

धाकटे, इतकी वर्षं झाली. शाळेत, घरी, दवाखान्यात, किती जणांनी किती काय विचारलं. कसं झालं, कशाने झालं, घराण्यात कुणाला होतं का, अमक्याचं तेल लावून बघितलं का. हे कुणी विचारलं नव्हतं.

"जेवणानंतर," मी म्हटलं. "दोनपासून पाचपर्यंत बरे असतात."

"मग दुपारच्या बॅचला या. सोमवारऐवजी बुधवारी. परीक्षेलाही दुपारचीच बॅच मागू." आणि लिहायला लागले. वर न बघता म्हणाले, "छेद कापायला मदतनीस मिळू शकतो. नियमात आहे. तुम्ही सांगायचं, तो कापेल. घालू अर्जात?"

मी "नको" म्हणायला तोंड उघडलं होतं. पण ते "घालतो" म्हणाले नव्हते. "घालू?" म्हणाले होते. मी म्हटलं, "घाला. घ्यायचा की नाही ते मी ठरवेन."

"तुम्हीच ठरवायचं. पण स्वतः कापलात तर जे कापाल त्याचेच मार्क. दया नाही."

"दया मागायला आले नव्हते," मी म्हटलं. खाली येताना लिफ्टमनला सांगून टाकलं की मी प्राध्यापक नाही, विद्यार्थिनी आहे, आणि मला जिना चढवत नाही. तो म्हणाला, "मला माहितीये. प्राध्यापक इतक्या वेळेवर येत नाहीत."

फोन करायची आता गरज नाही. विचारल्याबद्दल बरं वाटलं. हे शेवटचं वाक्य लिहिलं नाहीत तरी चालेल, बाई.

(लिहिलं आहे. — टायपिस्ट)

ताई


१३ डिसेंबर

धाकटे,

विद्यापीठाची लेखी आधीच आटोपली, काल प्रॅक्टिकल झालं. निकाल महिन्याने. तुला आत्ताच सांगते, कारण नंतर सांगितलं तर निकालाप्रमाणे सांगेन.

बुधवारच्या बॅचमध्ये सात आठवडे मिळाले. गाजरं इतकी कापली की टायपिस्टबाईंनी विषयच बदलायला सांगितला. हात दुपारी साथ देत होते. सुरुवातीला चकतीची जाडी कमी झाली, मग एखादी बरी येऊ लागली. "प्रकाश जातोय," विभागप्रमुख एकदा म्हणाले आणि पुढच्या टेबलावर गेले. मी त्या दिवशी घरी येईपर्यंत ते वाक्य कुणाला सांगितलं नाही.

आणि परीक्षेच्या आदल्या दिवसापासून कडाक्याची थंडी. सकाळी उठले तेव्हाच समजलं. काल दुपारही सकाळसारखीच होती. दोन वाजले, हात काही माझे झाले नाहीत. मी घरून गरम पाण्याची पिशवी नेली होती, ती मांडीवर घेऊन बसले. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी पिशवीकडे बघितलं, यादीतलं माझं नाव बघितलं, आणि म्हणाल्या, "मदतनीस बोलावू?"

मी म्हटलं, "आत्ता नको. लागला तर सांगेन."

पहिला छेद जाड. दुसराही जाड. तिसऱ्याला ब्लेड मध्येच सरकलं आणि चकती अर्ध्यातच फाटली. चौथा घ्यायला बोटं तयार नव्हती. खोड सुटून खाली पडलं. टायपिस्टबाई शेजारच्या स्टुलावर, निरीक्षणं लिहायला. त्या पंख्याच्या गोंधळानंतर त्या इतक्या सावध झाल्यात की प्रत्येक वाक्याला विचारतात, "उत्तर की बोलणं?" मी म्हटलं, "संपलं." त्यांनी विचारलं, "उत्तर की बोलणं?"

मला हसू आलं. भर परीक्षेत, ताठ बोटं घेऊन, मी हसत होते. हसल्यावर खांदा जरा सैल झाला, तेव्हा मी ती फाटकी चकती ब्रशने उचलून रंगात टाकली. म्हटलं, बघू तर खरं. आच्छादनाची काच ठेवायला मला फार वेळ लागला. शेजारचा मुलगा निरीक्षणं लिहून मोकळा झालासुद्धा. मग डोळा लावला.

अर्धा छेद. पण जिथे फाटला होता तिथे कडेला तो निमुळता होत गेलेला, एका पेशीइतका पातळ. सगळं दिसत होतं. बाहेरचा थर, आतल्या मोठ्या पेशी, मधल्या पाणी नेणाऱ्या नळ्या लालभडक. मी फळ्यावर रंगीत खडूंनी काढत असे ते, पण माझ्या चित्रात ते मेलेलं असे. मी बघत राहिले. परीक्षक बाई मागे उभ्या होत्या, हे मला कळलं नाही.

"अर्धाच आहे," त्या डोळा लावून म्हणाल्या.

"हो."

"उरलेल्या अर्ध्यात काय असेल?"

मी सांगितलं. त्यांनी मायक्रोस्कोपचं चाक फिरवलं, आणखी दोन प्रश्न विचारले, त्यांचीही उत्तरं दिली. मग विचारलं, "मदतनीस होता. का घेतला नाहीत?"

"मला किती जमतं ते बघायचं होतं. पुढल्या वर्षी घेईन," मी म्हटलं. बोलून गेल्यावर मला ते ऐकू आलं. पुढल्या वर्षी. मी कधीपासून असं बोलायला लागले?

त्यांनी काहीतरी लिहिलं. काय ते टायपिस्टबाईंनी मान लांब करून बघायचा प्रयत्न केला. मी त्यांना चिमटा काढला. कोर्टात चाललं असतं का हे?

आज सकाळपासून अंथरुणात आहे. हात सुजले आहेत, ताप आहे थोडा. ठरलेलंच होतं. डॉक्टरांना फोन केला आहे, त्यांनी दोन दिवस औषध वाढवलं आहे. वाईट दिवस आहे, पण वाया गेलेला नाही.

ताई


१६ जानेवारी

धाकटे,

पास. प्रॅक्टिकलमध्ये जेमतेमच्या जरा वर, लेखीत चांगले. वर्गात कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळे उभे राहिले. मी "बस" म्हणाले, तर सगळे बसले. टाळ्या चालूच.

आता कामाचं. पुढच्या सत्रात मला एक छोटा प्रकल्प करायचा आहे. विषय मिळाला: गावातल्या जुन्या भिंतींवरचे नेचे. कोणत्या भिंतीवर कोणता, सावली किती, ओल कुठून येते. विभागप्रमुख म्हणाले, "मोरीच्या पाइपापासून सुरू करा." पाइपाचं त्यांना मी कधी सांगितलं होतं, मला आठवत नाही. बहुतेक कुठल्यातरी उत्तरात गेलं असेल.

ऊन चढायच्या आत जावं लागतं. पानं टवटवीत असतात आणि गल्ल्यांत गर्दी नसते. म्हणजे सकाळी. म्हणजे माझे हात नसताना. पानं कापून कागदात घालायची, ओल मोजायची, उंचीवरचं काढायचं. टायपिस्टबाईंना विचारलं. "कोर्ट अकराला उघडतं," म्हणाल्या.

मला सकाळचे हात हवे आहेत. वर्गातली मुलं येतील, पण ती "मॅडम, तुम्ही बसा" म्हणतील आणि मी त्यांच्यावर खेकसेन. तू म्हणालीस तर तुझ्यावर खेकसता येतं. त्याची आपल्याला दोघींना सवय आहे.

फेब्रुवारीचा महिना येशील का? मी विचारते आहे. बाई, हे नीट लिहा.

अटी सांगते. मी मागितल्याशिवाय मदत करायची नाही. मी मागेन. ह्यातली दुसरी गोष्ट मला नवी आहे, तेव्हा सुरुवातीला उशीर होईल, तेवढा धीर धरायचा. डॉक्टरांकडे माझ्याबरोबर यायला हरकत नाही, पण माझ्याऐवजी बोलायचं नाही. माझ्याबद्दल कुणाला काही सांगावंसं वाटलं तर आधी मला विचारायचं. आता ते तुला येतं. आतल्या खोलीत झोपायचं की बाहेर, ते तू ठरव, दोन्हीकडे ऊन येतं.

येणार नसशील तर तसंही कळव. गप्प राहू नकोस. घरात तेवढं एकीने केलं ते पुरे.

आणि एक. सकाळी मला चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो, आणि तरी तो हलतो. तेव्हा तू दुसरीकडे बघायचं, अशीही अट घालणार होते. नको. बघ. पण कप माझ्या हातातून घेऊ नकोस, मी "धर" म्हणेपर्यंत.

म्हणेन.

ताई